गायक "उशिरा" येतो आणि आमच्या शेवटानंतरही गातच राहतो: ऑर्केस्ट्राने साथ कशी करायची?

दुसरं_व्हायोलिन

नमस्कार. एरवी नुसती वाचून जाणाऱ्यांतली आहे, पण आज विचारल्याशिवाय राहवत नाही.

मेलबर्नच्या एका उपनगरातल्या हौशी ऑर्केस्ट्रात मी दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसते. लहानपणी पुण्यात बाईंकडे गायकी अंगाने शिकले, मांडी घालून, व्हायोलिनची मुंडी घोट्यावर टेकवून. इथे आल्यावर चाळिशीत ते हनुवटीखाली धरायला आणि नोटेशन वाचायला शिकले. मान अजून दुखते. सांगायचा मुद्दा, मी दोन्हीकडची अर्धवट आहे.

यंदाच्या आमच्या कार्यक्रमात आर्नहेम लँडचे (ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेचा मुलूख) एक गायक येणार आहेत, तिथल्या योल्ङु या आदिवासी लोकांपैकी, त्यांच्याबरोबर यिडाकी वाजवायला त्यांचा भाचा. (यिडाकी म्हणजे आपण सरसकट डिजेरिडू म्हणतो ती, फुंकून वाजवायची लांब लाकडी नळी, पण ईशान्य आर्नहेम लँडची. आणि हो, ते ङ मुद्दाम लिहिलंय. शाळेत वाङ्मय सोडून या अक्षराचा कधी उपयोग झाला नव्हता, इथे दर दोन शब्दांत लागतं.) त्यांना न विचारता नाव इथे देत नाही. सगळे त्यांना "अंकल" म्हणतात, मी काका म्हणते.

गाण्याचं ध्वनिमुद्रण त्यांनीच पाठवलं होतं. आमच्यातल्या एका उत्साही बासूनवाल्याने ते ऐकून ऐकून चार-चार मात्रांच्या मापात कागदावर उतरवलं आणि त्यावर व्हायोलिन, व्हायोला, चेलो, दोन हॉर्न असं सजवलं. एकूण ४६ मापं. शेवटी सगळ्यांचा मिळून एक लांब, भरघोस स्वर आणि त्यावर थांब्याची खूण. दिसायला सुरेख कागद.

मंगळवारी पहिली एकत्र तालीम झाली. काका हातात बिल्मा घेऊन उभे राहिले. टिपऱ्याच त्या, पण आपल्या टिपऱ्यांपेक्षा जाड आणि आवाजाला खणखणीत. ते हलकेच गुणगुणायला लागले, ठेका नाही, काही नाही. आमच्या कंडक्टरने (एसटीतला नव्हे) छडी उचलून एक-दोन-तीन-चार दिले. आम्ही सुरू झालो. काका गुणगुणतच. ते आत आले आठव्या मापाला, म्हणजे कागदाच्या हिशेबाने चार मापं उशिरा. थांबवलं. "पुन्हा वरून." असं तीनदा.

चौथ्यांदा जमल्यासारखं वाटलं, तोवर शेवट आला. यिडाकी थांबली, बिल्मा थांबल्या, आमचा तो भरघोस स्वर वाजून संपला, आणि काका गातच राहिले. एकटे, आवाज पायरी पायरीने खाली उतरवत. हॉलमध्ये बाकी फक्त हीटरची घरघर. ते थांबल्यावर कंडक्टर म्हणाला, "फार सुंदर, पण शेवट सगळ्यांचा एकत्र यायला हवा." काका नुसते हसले. भाचा यिडाकीच्या तोंडाचं मेण अंगठ्याने दाबत बसला, मान वर न करता.

ट्रेनने घरी येईपर्यंत मला लाज वाटत होती. नेमकी कशाची, ते कळत नव्हतं. माझ्या बाईंसमोर कुणी तबलजी असा वागला असता तर बाईंनी तंबोरा खाली ठेवला असता, एवढं मात्र कळत होतं.

इथे कुणी अशा कामात बसलेलं आहे का? आम्ही चुकतोय ते कुठे? आणि मी शेवटच्या खुर्चीवरची, मी बोलावं तर कुणाशी? पुढची तालीम येत्या मंगळवारी आहे.

खर्ज

ताई, मी चेलोवाला. तीसेक वर्षं वाजवतोय, त्यातली अकरा डार्विनमध्ये काढली. तिथे अशा बैठकींना बसलोय, आणि तुमच्या कंडक्टरसारखा मीही एकदा शहाणपणा करून झालोय, म्हणून जरा लांबण लावतो.

शेवट चुकला तो तुमचा. त्यांचा नाही. योल्ङुंचं परंपरेचं गाणं, मानिकाय, असंच असतं. आधी गायक गुणगुणून सूर आणि वाट धरतो. मग बिल्मा आणि यिडाकी येतात. मग गाणं होतं, बहुतेकदा मिनिटभर, दोन मिनिटं. मग वाद्यं थांबतात आणि आवाज एकटा पुढे जाऊन उतरतो. ती उतरण्याची जागा म्हणजे गाण्याचा जीव. तिच्यावर तुम्ही हॉर्न वाजवलात.

आणि सुरुवात. ते "आत येत" नाहीत हो, ते आतच असतात. गुणगुणणं सुरू झालं तिथेच गाणं सुरू झालं. ४६ मापं ही त्या एका दिवशी, त्या एका ध्वनिमुद्रणात झालेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी फेरे कमी होतील, जास्त होतील. एका मैफिलीतल्या आलापाचं नोटेशन करून उद्या बुवांना "काल बाराव्या सेकंदाला पंचम लावला होतात" असं सांगण्यासारखं आहे ते.

आता हे नीट कसं करता येतं ते सांगतो. योल्ङु गायक गुर्रुमुल यांचा "जारिमिर्री" हा अल्बम ऐकला नसेल तर आज ऐका. (योल्ङुंमध्ये माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. त्यांच्या घरच्यांनी नाव वापरायला परवानगी दिली आहे म्हणून लिहितोय.) एल्को बेटावरचा जन्मांध माणूस. उजव्या हाताची गिटार उलटी धरून डाव्या हाताने वाजवायचा. २५ जुलै २०१७ ला गेले, वय ४६. जाण्याच्या काही आठवडे आधी हा अल्बम पुरा झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये आला तो थेट ऑस्ट्रेलियाच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर. संपूर्ण आदिवासी भाषेतल्या अल्बमला तो मान पहिल्यांदाच मिळाला. मगर, कावळा, ऑक्टोपस, टूना मासा यांची गाणी, लोक गाडीत लावून ऑफिसला जात होते.

त्यामागे चार वर्षांचं काम आहे. त्यांचे सहकारी मायकल होनन हे स्वतः डबल बासवाले, आणि वाद्यरचना एर्की वेल्थाइम यांची, तेही तंतुवाद्यवाले. त्यांनी केलं काय, तर गाण्याच्या चालीला हार्मनीचे कपडे शिवत बसले नाहीत. यिडाकी त्या त्या गाण्यात जो आकृतिबंध वाजवते तो धरला आणि चेलो, बास यांच्याकडून वाजवून घेतला, फिरत फिरत. म्हणजे ऑर्केस्ट्रा यिडाकीच्या जागी बसला, गायकाच्या डोक्यावर नाही. वरवर ऐकणाऱ्याला फिलिप ग्लास वगैरे, म्हणजे तोच तुकडा फिरवत ठेवणारे अमेरिकन संगीतकार, आठवतात, आणि त्या रचनेवर ती छाया आहेही. पण मूळ फिरणं यिडाकीचं.

तुमच्या चेलोवाल्यांसाठी धंद्यातलं: खालची सी तार मोकळी, गज घोडीच्या अगदी जवळ, म्हणजे मूळ सूर अंधुक होतो आणि वरचे उपस्वर खरखरीत निघतात. यिडाकीचा तो "टूट" असा वर उडालेला सूर असतो ना, सप्तकाहून थोडा जास्त वरचा, त्यासाठी तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढायचा. गज ओढायचा तो श्वासासारखा. यिडाकीवाला गालातली हवा बाहेर ढकलताना नाकाने श्वास घेतो, त्यामुळे आवाज तुटत नाही पण त्याला एक झोका येतो. तो झोका म्हणजेच ताल. तो नोटेशनमध्ये उतरत नाही.

म्हणून आधी वाद्यं खाली ठेवायला सांगा. यिडाकीचे बोल असतात, तबल्यासारखे, तोंडाने म्हणायचे. भाच्याला विचारा. आधी सगळ्यांनी ते म्हणायचे, मग वाजवायचे. आणि बोलायचं ते कंडक्टरशी नाही, पहिल्यांदा भाच्याशीच. का ते आणखी कुणी सांगितलं नाही तर रात्री सांगतो, आत्ता क्लासची मुलं आली.

तीनताल

म्हणजे सरळ लेहरा झाला की! कथकला किंवा तबला सोलोला हार्मोनियमवाला एकच ओळ फिरवत बसतो, सोलो वाजवणारा कुठेही जाऊन समेवर येतो. कागदावर दुहेरी दंड घालायचे, "खूण मिळेपर्यंत फिरवा" असं लिहायचं, विषय संपला. उगाच गूढ कशाला करायचं?

खर्ज

कागदावर काय लिहायचं ते बरोबर सांगितलंत, तेच लिहा. पण लेहरा नव्हे. लेहरेवाल्याला हलायची मुभा नसते, तो घड्याळ असतो. यिडाकी घड्याळ नाही. गायकाने बिल्माचा ठेका बदलला की तीही बदलते, गायक शब्द टाकतो तिथे ती दबते. आणि सम शोधायला जाल तर फसाल. मी वर्षभर शोधत होतो.

यारा_काठी

ताई, भाच्याशी का बोलायचं ते मी सांगते, खर्जकाकांचा क्लास सुटेपर्यंत.

योल्ङुंचं जग दोन अर्ध्यांत वाटलेलं असतं, धुवा आणि यिर्रिचा. माणसं, कुळं, गाणी, कावळे, वारे, पाणवठे, सगळं या किंवा त्या अर्ध्यातलं. लग्न नेहमी दुसऱ्या अर्ध्यात. मूल बापाच्या अर्ध्यात. त्यामुळे बहिणीचा मुलगा कायम मामाच्या पलीकडच्या अर्ध्यातला. गाणं मामाच्या कुळाचं, पण ते नीट म्हटलं जातंय की नाही, कुठे म्हणायचं, कुणापुढे, हे बघण्याचं काम आईकडून नातं असणाऱ्याचं. त्याला जुङ्गाया म्हणतात. म्हणजे मालक मामा आणि राखणदार भाचा! आपल्याकडे भाच्याला फक्त लाडू मिळतात. तुमच्या गटात हे नातं तसंच आहे का ते त्यांनाच विचारा, पण मेण दाबत बसलेला तो मुलगा नुसता साथीदार नसण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरं, तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर काय छापणार आहात? "पारंपरिक, वाद्यरचना अमुक बासूनवाला" असं असेल तर थांबवा. "पारंपरिक" हा शब्द वाचला की मला आपल्या जुन्या रेकॉर्डवरच्या ओव्या आणि लावण्या आठवतात, कुणाच्या तरी आजीची ओवी आणि खाली नाव भलत्याचंच. इथे तर कुळ ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, राखणदार समोर बसलाय. बेवारस काहीच नाही.

या देशाचा इतिहासही या बाबतीत काही धड नाही. पीटर स्कल्थॉर्प हे इथले मोठे संगीतकार. एल्किन या मानववंशशास्त्रज्ञाने आर्नहेम लँडमध्ये जमवलेली एक चाल, "जिलिले", त्यांनी आपल्या रचनांमध्ये पुन्हा पुन्हा वापरली. रचना सुंदरच आहेत, मी आवडीने ऐकते. पण त्या खोलीत गाणाऱ्याला खुर्ची नव्हती. पुढे त्याच स्कल्थॉर्पनी विल्यम बार्टनबरोबर काम केलं. बार्टन माउंट आयझाचा, काल्काडुंगा लोकांचा, सतराव्या वर्षीच क्वीन्सलंडच्या सिंफनीबरोबर डिजेरिडू वाजवलेला, आणि आता स्वतः संगीतकार. खुर्ची मिळाली की असं होतं.

२०१९ च्या जूनमध्ये हेमर हॉलला मेलबर्न सिंफनीबरोबर "युमेराला" झालं तेव्हा मी वरच्या स्वस्त रांगेत होते. डेबोरा चीटम (आता चीटम फ्रेलॉन) यांचं, त्या यॉर्टा यॉर्टा, ऑपेराच्या सोप्रानो आणि संगीतकारही. युद्धात मेलेल्यांसाठीची शांतिप्रार्थना, पूर्ण गुंडिचमारा भाषेत. दक्षिण-पश्चिम व्हिक्टोरियात वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांमधल्या दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी. एवढा मोठा गायकवृंद, बहुतेक गोरा, ती भाषा तोंडपाठ करून गात होता. तिथे पाहुणं कोण आणि यजमान कोण हे उलटं झालं होतं, आणि कुणाला कुणाची "साथ" करायची हा प्रश्नच आला नाही, कारण कागद त्यांनीच लिहिला होता.

कोकम_सरबत

सगळं पटलं, पण एक कडू बोलतो. असल्या नव्वद टक्के प्रयोगांत व्हायोलिनं आली की वाळवंटावरून ड्रोन फिरतोय असा सिनेमा सुरू होतो. लोक डोळे पुसतात आणि घरी जातात. गायकाला रिक्षाचे पैसे तरी मिळतात का?

खर्ज

नव्वद टक्के कुठून आणलेत ते सोडा, कडू खरं आहे. लांब ताणलेले गोड स्वर हा आजार आहे, आणि पैशाचा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा असतो. ऑर्केस्ट्रा हौशी असेल, गायक हौशी नाही. मामा-भाचे दोघांनाही बाहेरून बोलावलेल्या एकल कलाकाराचं मानधन, विमानाचं भाडं वेगळं.

सिनेमा न होऊ देण्याचा दुसरा रस्ताही आहे. ऑस्ट्रेलियन आर्ट ऑर्केस्ट्रा रोपर नदीकाठच्या ङुकुर्रच्या वागिलाक गायकांबरोबर २००५ च्या सुमारापासून काम करत आली. तिथे गायकाच्या डोक्यावर कागदच नाही, वाजवणारे सगळे जॅझ आणि मुक्त वादनातले. मानिकाय चालू राहतं आणि ट्रम्पेट त्याच्या कडेकडेने फिरतो, कधी कधी अंगावरही येतो. गोड अजिबात नाही. याच मंडळींनी मृदंगमचे कराइकुडी मणी यांच्याबरोबरही काम केलंय, म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबात बसायची सवय आधीपासूनची. हौशी सिंफनीला ते झेपणार नाही, म्हणून ताईंना जारिमिर्री सांगितला.

दुसरं_व्हायोलिन

मंडळी, मंगळवार होऊन गेला. सांगायला आले.

तालमीच्या तासभर आधी गेले, थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन. भाचा बाहेर कठड्यावर बसला होता. काय बोलायचं ते ट्रेनमध्ये पाठ केलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, मागच्या वेळी शेवटी आम्ही मध्ये कडमडलो, माफ कर. तो म्हणाला, "हो, कडमडलात." मग चहा घेतला. खर्जकाकांचं ऐकून बोलांचं विचारलं. त्याने तोंडाने म्हणून दाखवले, मी पिशवीतून वही काढली तर त्याने ती हाताने मिटवली. तोंडात ठेव, म्हणाला. मग दहा मिनिटं आम्ही दोघं कठड्यावर, तो म्हणतोय आणि मी मागून. एक द दातांत जीभ दाबून, एक ड टाळूला जीभ वळवून, मध्ये थरथरता र्र. मला ते एकदम जमले, कारण आपल्याकडे ते आहेतच! तो थांबून बघायला लागला. कुठली तू? म्हटलं, आमच्या भाषेत ळ पण आहे. ळ म्हणून दाखवला. तो खो खो हसला आणि आत जाऊन मामाला घेऊन आला, "हिचा ळ ऐक."

ऑर्केस्ट्राशी मी बोललेच नाही, तो बोलला. उभं राहून शांतपणे म्हणाला, आधी तोंडाने. चाळीस माणसं, हॉर्नवाल्यांसकट, वाद्यं मांडीवर ठेवून. पहिली पाच मिनिटं नुसता हशा. बाकीच्यांचा द आणि ड एकच होत होता, म्हणून त्याने मला पुढे बोलावून म्हणायला लावलं. शेवटच्या खुर्चीवरून पहिल्यांदाच पुढे गेले, तेही व्हायोलिनशिवाय. माझ्या बाईंना कळवायला हवं.

कंडक्टरबद्दल मी मागे रागाने लिहिलं होतं, ते थोडं मागे घेते. त्याने ऐकलं. छडी स्टँडवर ठेवली आणि फेरे कधी बदलायचे याची खूण काकांच्या बिल्माकडे बघून फक्त हाताने दिली. बासूनवाल्याचा चेहरा मात्र पडला होता. त्याने तीन आठवडे खपून लिहिलेल्या त्या शेवटच्या स्वरावर सगळ्यांनी रबर फिरवलं, तो बिचारा सगळ्यात शेवटी. व्हायोलिनांना आता जवळपास काही काम नाही, एकच सूर धरायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. चेलो घोडीजवळ गज घासतात, आवाज भयंकर येतो. भाच्याला पसंत आहे.

शेवट आला. यिडाकी थांबली, बिल्मा थांबल्या, आम्ही थांबलो. काका एकटे उतरत गेले. एका हॉर्नवाल्याने सवयीने वाद्य उलटं करून पाणी झटकायला घेतलं, भाच्याने त्याच्याकडे न बघताच एक बोट वर केलं, तो तसाच हातात धरून थांबला. या वेळी हीटर कुणीतरी आधीच बंद केला होता.

पत्रिकेवर काय छापायचं ते भाचा घरी फोन करून विचारून सांगणार आहे, तोवर छपाई थांबवली आहे. मानधनाचं मी खजिनदाराला विचारलं. आकडा ऐकला आणि पुढच्या सभेचा विषय म्हणून लिहून दिला. खर्जकाका, सभेला काय बोलायचं ते सांगा.

ध्वनिमुद्रण कुणी मागू नका. माझ्या फोनवर तालमीचा एक तुकडा होता, तो त्याने विचारल्यावर त्याच्यासमोरच पुसला.